कानावरची खूण, फोनचं कुलूप

वाळूजच्या ज्या कंपनीत मी लागलो तिथं आत फोन न्यायला बंदी होती. गेटवर वॉचमनची खोली, तिला एक खिडकी, आणि खिडकीच्या आत भिंतीला लाकडी कप्पे. फोन द्यायचा, नंबराचा पितळी बिल्ला घ्यायचा, सुटताना बिल्ला देऊन फोन परत घ्यायचा. फोन देताना बाकीची पोरं कुरकुर करायची. कुणी कव्हरमध्ये दडवलेली नोट काढून घ्यायचं, कुणी फोन बंद करून द्यायचं, कुणी चार पावलं गेल्यावर वळून बघायचं. मी मात्र निवांत आत जायचो. दिवसपाळीला त्या खिडकीत बसणारा माणूस माझा सख्खा मामा होता.

निवांत हा शब्द मला तसा शोभत नाही. मी मुळातला घाबरट. खोलीला कुलूप लावून निघालो की कोपऱ्यावरून परत यायचो, कुलूप ओढून बघायचो, पुन्हा निघायचो. बसमध्ये बसलो की खिशातलं ओळखपत्र चाचपायचो. गावाकडं मला अशी सवय नव्हती. तिथं कुलूप लावण्यासारखं काही नव्हतंच.

आमचं गाव पार खाली, कर्नाटकाच्या शिवेजवळ. एसटीनं यायला अख्खा दिवस मोडतो. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. मेंढरं आज या शिवारात, उद्या त्या. माझी शाळा मात्र एकाच गावात होती, म्हणून ती चौथीतच सुटली. मराठी वाचता यायचं, इंग्रजी अक्षरं दिसली की घाम फुटायचा. मग दुष्काळाची वर्षं लागली, एकामागं एक. ज्या ओढ्याला मी लहानपणी पोहायला शिकलो त्या ओढ्यात आम्ही एका उन्हाळ्यात मेंढरं बसवली, कारण तेवढीच जागा गार होती. मामाचा फोन आला. आईला म्हणाला, "अक्का, पोरगं माझ्याकडं पाठव. तिथं ठेवून काय धूळ चारतीस व्हय?"

मी आलो. तीन महिने मामाच्या खोलीत राहिलो, गारखेड्यात. मामी गावाकडं होती, त्यामुळं स्वयंपाक मामाच करायचा. स्वतःला दोन भाकरी, मला तीन. ठेकेदाराकडं माझ्यासाठी तो किती वेळा गेला याची गणती नाही. कामावर घ्यायचं ठरलं तेव्हा सेफ्टी बूट हवे होते. मामानं स्वतःचे दिले, पुढं कागद कोंबून. "पाय वाढंल," म्हणाला. मी एकोणीस वर्षांचा होतो, पाय काय वाढणार! पण ते बूट घालून मी पहिल्या दिवशी मशीनसमोर उभा राहिलो तेव्हा मनात फक्त एवढंच होतं की या माणसाचे उपकार कसे फेडायचे.

शहर तेव्हा नुसतं फुगत होतं. नळाला आठवड्यानं पाणी यायचं आणि नव्या इमारतींच्या फलकांवर निळेशार पोहण्याचे तलाव असायचे. गारखेड्याच्या पुढं माळावर पांढरे दगड रोवलेले, चुन्याच्या रेघा मारलेल्या. बसच्या खिडकीतून मामा ते दगड बघत राहायचा. एकदा म्हणाला, "हितं अर्धा गुंठा जरी भेटला ना भाच्या, तर माणूस माणसात आला." मी हसून हो म्हटलं. मला वाटलं, सगळेच म्हणतात तसं म्हणतोय.

पुढं मी गारखेड्यातच दुसरी खोली घेतली, एका सिल्लोडच्या पोराबरोबर. तो दुसऱ्या कंपनीत होता, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, बारावी झालेला. त्याचे अब्बा सिल्लोडच्या बाजारात कापसाच्या गाड्यांचं माप करायचे. हा पोरगा बोलायला तिखट होता पण कामाला सरळ. घरी पाठवायचे पैसे कसे पाठवायचे, बँकेचा कागद कसा भरायचा, हे सगळं मला त्यानं शिकवलं. आणि रमीचं खातं फोनवर उघडून दिलं तेही त्यानंच.

रमी मी कंपनीच्या बसमध्ये शिकलो होतो. जायला पाऊण तास, यायला पाऊण तास. मागच्या सीटवर बॅग आडवी ठेवून डाव चालायचा. मला पत्ते लक्षात राहायचे. यात माझी हुशारी काही नाही. दीडशे मेंढरं तोंडावरून ओळखायची सवय असली की कुणी कुठला पत्ता टाकला, कुणी कुठला उचलला, हे वेगळं लक्षात ठेवावं लागत नाही. पाण्यावरून कळप परतला की एक कमी आहे हे न मोजता कळतं, तसंच ते. पोरं चिडायची. "ए मेंढक्या, पत्त्याला वास येतो का रं तुला?" असं विचारायची. मग एकजण म्हणाला, इथं चहावर काय खेळतोस, फोनवर खेळ, तिथं पैसे भेटतात.

रूममेटनं आधी मला शिव्या दिल्या. "अबे, लोकांची घरं बसली त्याच्यात." मी ऐकलं नाही. मला घरी पैसे पाठवायचे होते आणि पगारातून उरत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "खेळतोच ना? मग नीट खेळ. बुद्धू बनून नको." त्यानं खातं उघडून दिलं आणि समोर बसवून नियम सांगितले. "ओटीपी आला तर आपल्या बापाला पण सांगायचा नाय."

"बापाला वाचताच येत नाय," मी म्हणालो.

"मग चांगलंय. आईला पण नाय. कंपनीतून बोलतो म्हणणाऱ्याला तर बिलकुल नाय. लिंक आली, उघडायची नाय. बोनस आला म्हणाले, समजायचं लुटायला आले. आणि फोनला कुलूप. हे सगळ्यात मोठं. फोन उघडला की खातं उघडं, कारण ओटीपी पण त्याच फोनवर येतो."

आकडे मी विसरतो, मी म्हणालो. तेव्हा त्यानं ते नऊ ठिपक्यांचं कुलूप काढून दिलं, बोटानं रेघ ओढायचं. "असं काय तरी काढ जे मरताना पण विसरणार नाय." आणि उठून भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

"तू का वळलास?"

"मी पण माणूसच है ना, भाई. मला नको दाखवू."

मी ठिपक्यांकडं बघत बसलो. मग माझं बोट आपोआप फिरलं. वर एक आडवी रेघ, तिच्या टोकापासून खाली तिरपी. आमच्या मेंढरांच्या कानाची खूण. ती मी मरतानाही विसरणार नव्हतो.

त्यानंतर मी खरंच जीव मुठीत धरून खेळलो. थोड्या पैशाचे डाव, तेही रविवारी. कुलूप उघडताना फोन शर्टाच्या आत धरायचो. बसमध्ये पोरं चेष्टा करायची, "फोन हाय का नवी नवरी?" एकदा एका बाईचा फोन आला, गोड हिंदीत. तुमचं खातं आज बंद होणार, आत्ता आलेला आकडा सांगा. माझ्या तोंडातून "जी" एवढंच निघालं आणि मी फोन बंद करून पिठाच्या डब्यात टाकला. रूममेट संध्याकाळी भाकरी करायला बसला तेव्हा त्याच्या हाताला फोन लागला. "अबे, हा काय चोराला घाबरून आटा मळतो का?" हसून हसून त्याच्या डोळ्यात पाणी आलं. मग गंभीर होऊन म्हणाला, "पण आकडा दिला नाय ना? शाब्बास."

त्या शाब्बासकीचा मला फार दिवस आधार वाटला. परक्या गावात कुणी फसवायला आलं आणि आपण फसलो नाही, हे माझ्यासारख्याला पहिल्यांदाच घडत होतं.

शिवरात्र झाली आणि वडिलांचा फोन आला. गावाकडं आता झाडपाल्यावर मेंढरं जगवणं चाललं होतं, तेही संपत आलं होतं. पैठणच्या कालव्याखाली एक बागायतदार त्यांच्या ओळखीचा निघाला होता. ऊस तुटून गेलेलं रान, कालव्याचं पाणी, आणि खतासाठी शेतात मेंढरं बसवायला तो तयार होता. वर धान्यही देणार होता. पण तिथवर चालत जायचं म्हणजे वाटेत ना चारा ना पाणी. गाभण मेंढ्या होत्या, त्या वाटेतच बसल्या असत्या.

"दोन मजली टेंपो लागंल," वडील म्हणाले. "एका खेपंत जातील. त्यो शेतकरी पाडव्यापर्यंत थांबतो म्हणलाय. त्याच्या म्होरं दुसरा कळप बसवंल."

"मी बघतो," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा वडिलांना मी असं काही म्हणालो होतो. पलीकडून ते म्हणाले, "तुझ्यावर लई भार पडाया लागला."

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी मी मोठ्या डावाला बसलो. सकाळपासून दुपारपर्यंत बसलो आणि जिंकलो. टेंपोचं भाडं निघून वर दोन पोती पेंड येईल एवढं. रूममेटनं माझ्या पाठीत असा धपाटा घातला की खोकला आला. लगेच काढून घे, म्हणाला. पण पैसे बँकेत घ्यायला पॅनकार्ड लागत होतं आणि माझं अजून यायचं होतं. त्यानंच अर्ज भरला होता, आठवड्यात येईल असं म्हणाले होते. तोवर पैसे खात्यातच राहणार.

सोमवारी खिडकीशी गेलो. मामा डब्यातली चटणी हुंगत बसला होता. माझ्यानं राहवलं नाही.

"मामा, टेंपोचं भाडं झालं."

"आँ? कुठनं?"

मी सांगितलं. दुसऱ्या कुणाला सांगितलं नसतं, पण त्याला सांगताना मला अभिमान वाटत होता. त्यानं मला उभं केलं होतं, त्याला कळायलाच हवं होतं. त्यानं डोळे बारीक केले.

"आन हायत कुठं पैसे?"

"ह्याच्यातच." मी फोन त्याच्या हातात दिला. "पॅनकार्ड आलं की बँकंत घेतो."

"कुणाला सांगू नको," मामा आवाज खाली आणून म्हणाला. "हितली माणसं लई वंगाळ हायत." मग फोन कप्प्यात ठेवला आणि त्यावर स्वतःचा रुमाल टाकला, ऊन लागू नये म्हणून. बिल्ला माझ्या तळहातावर ठेवून मूठ मिटली.

गुरुवारी संध्याकाळी खोलीवर येऊन मी खातं उघडलं. रोज उघडायचो, नुसतं बघायला. आकड्याच्या जागी जेमतेम चहा येईल एवढं उरलं होतं.

मला आधी वाटलं, चुकून दुसरं काही उघडलं. बंद केलं, परत उघडलं. मग मी खाली बसलो. रूममेट आला तेव्हा मी तसाच बसलो होतो आणि पाणी येऊन बादली वाहत होती. त्यानं नळ बंद केला, फोन घेतला, खेळाची जुनी नोंद काढली. सकाळी अकरा ते बारा या वेळात माझ्या खात्यावरून आठ डाव झाले होते. आठही एकाच माणसाबरोबर, दोघांच्या वेगळ्या टेबलावर. आठही वेळा माझ्या बाजूनं चुकीचा शो लावलेला, म्हणजे पत्ते जुळले नसताना जुळले म्हणून दाखवलेले. पूर्ण ऐंशी पॉइंटांनी हार. समोरच्याचं नाव म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे.

"हे कुणी खेळलंय का? हे तर पैसे ओतलेत," तो म्हणाला. "एका खात्यातून दुसऱ्यात. जानबूझकर हरला कुणीतरी. अकरा वाजता तू कुठं होतास?"

"मशीनवर."

"आणि फोन?"

"कप्प्यात. मामापाशी."

तो गप्प झाला. मला मात्र त्याच्या गप्प होण्याचा वेगळाच अर्थ लागला. खातं यानं उघडलं. माझा नंबर, माझी जन्मतारीख, सगळं याला माहीत. शिकलेला माणूस, कुठूनही करू शकतो. पॅनकार्डचा अर्जही यानंच भरलाय, मुद्दाम लांबवला असेल. फोन तर मामाच्या हातात होता, तिकडून काही व्हायचा प्रश्नच नाही. हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात आलं आणि तोंडातून बाहेरही पडलं.

"खातं तूच काढलं व्हतंस."

तो माझ्याकडं बघतच राहिला. "मेरे को चोर बोलता क्या रे?"

मी काही बोललो नाही. तेच उत्तर झालं. त्यानं शर्ट घातला, चपला घातल्या, दारापर्यंत गेला. मग परत आला, माझ्यासमोर मांडी घालून बसला. "नाही. असा जाणार नाय मी. आधी दाखवतो तुला."

त्यानं खेळाच्या कंपनीला लिहून विचारलं. उत्तर यायला दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. आठही डाव तुमच्याच फोनवरून खेळले गेले आहेत, फोन तुमच्याच कुलपानं उघडला आहे, त्यामुळं तक्रार घेता येत नाही. खाली लिहिलं होतं, पुढच्या डावासाठी शुभेच्छा.

"तुझ्याच फोनवरून," त्यानं ते वाचून दाखवलं. "म्हणजे फोन हातात होता त्याच्या, आणि कुलूप येत होतं. आता बोल, कुलूप कुणाला दाखवलं?"

"आईशप्पत कुणाला नाय."

"काढलंय तरी काय? आता दाखव."

मी रेघ ओढून दाखवली. आडवी आणि तिरपी.

"ये क्या है? सात का?"

"मेंढराच्या कानाची खूण हाय आमच्या. कानाला अशी खाच पाडतेत. प्रत्येक घराची येगळी."

"कशाला पाडतात?"

"मेंढरू दुसऱ्याच्या कळपात गेलं की वळखू यावं म्हणून. कुणाला घावलं तर खूण बघून आणून देतो."

"म्हणजे लोकांना माहीत असते ती?"

"समद्यांना. माहीत नसली तर आणून कसं देतील?"

मी हे बोललो आणि माझा आवाज माझ्याच कानाला वेगळा लागला. रूममेटनं फोन उलटा करून खाली ठेवला. तो चांगला माणूस होता, त्यानं ते शब्द मलाच बोलू दिले.

आमच्या लोकांना खूण म्हणजे सगळ्यांनी बघावी अशीच गोष्ट. लपवायची खूण कधी असते हे मला ठाऊकच नव्हतं. जी खूण पाच गावांतली पोरंसोरं ओळखतात ती मी कुलूप म्हणून लावली होती, आणि रोज सकाळी शर्टाच्या आत धरून उघडत होतो. गारखेड्यापासून वाळूजपर्यंत ती ओळखणारी माणसं दोनच. त्यातला एक मी.

पुढच्या आठवड्यात माझी दुसरी पाळी होती. सकाळी दहाला गेटवर गेलो. मामा म्हणाला, "एवढ्या लवकर?" आणि सोबतच्या वॉचमनला खिडकीत बसवून माझ्याबरोबर समोरच्या टपरीवर आला. दोन चहा सांगितले, एक खारीचा पुडा घेतला.

"मामा, माझा फोन तू उघडला व्हतास?"

त्यानं बशीत चहा ओतला, फुंकर मारली. "कोण म्हणतंय? त्या सिल्लोडवाल्यानं भरवलं व्हय तुला?"

"त्यानं नाय. मीच इचारतोय."

मामानं बशी खाली ठेवली. मला वाटलं, आता चिडेल, हात उगारेल. मी मनातून तेच मागत होतो. पण तो हसला. "येडा हायेस तू भाच्या. तुझ्या आईच्या लग्नात आमच्या बानं वीस मेंढरं आंदण दिली. त्यांच्या कानाला तुमच्या घराची खूण कुणी पाडली ठावं हाय? म्या. ह्याच हातानं. आन तू तीच कुलपाला लावतोस."

"भाडं व्हतं ते, मामा."

"भाडं नाय, जुगार व्हता. घामाचं असतं तर हात लावला नसता, आईची आण. आज जिकलास, उद्या हरला असतास. म्या हरू दिलं नाय. रमीचं खातं माझंबी हाय, त्यात वळवलं आन जमिनीत घातलं."

"कुठल्या जमिनीत?"

"गारखेड्याच्या म्होरं. अर्धा गुंठा. शनिवारपतूर बयाणा दिला नसता तर दुसऱ्यानं उचलला असता. एवढी वर्सं दार उघडतोय लोकांचं, मलाबी एक दार नको का?"

"आन मेंढरं?"

"मेंढरं किती दिस ऱ्हातेत आता? दाजींना म्हणावं, इका आन हिकडं या. माझ्याच जागंत खोली बांधू, समदे ऱ्हाऊ. मी काय परका हाय का?" मग माझ्याकडं न बघता हळू आवाजात म्हणाला, "अक्काला सांगणार हायेस?"

आईला तेवढा एकच भाऊ. आई-बाप गेल्यावर तिचं माहेर म्हणजे हा माणूस. लहानपणी नदीला पाणी आलं की यानं तिला हाताला धरून पलीकडं नेलेलं, ते ती अजून सांगते. सांगितलं असतं तर मेंढरं परत आली नसती आणि तिचं माहेरही गेलं असतं. चहाचे पैसे त्यानंच दिले. खारीचा पुडा माझ्या हातात कोंबला, "रूमवर खा." आणि मी तो घेतला. नको म्हणता आलं नाही. त्याच्या हातचं नको म्हणायची मला सवयच नव्हती.

त्या पुड्याचा मला अजून राग येतो. मामाचा येत नाही असं नाही, पण त्यात इतकं काय काय मिसळलेलं आहे की तो नीट येत नाही. बूट येतात, तिसरी भाकरी येते. पुड्याचा मात्र स्वच्छ राग येतो.

मी घरी कळवलं नाही. वाटत राहिलं, मामाचं मन फिरेल. तो बयाणा परत मागेल, पगारातून देईल, काहीतरी करेल. रोज खिडकीशी फोन देताना मी त्याच्या तोंडाकडं बघायचो. हो, फोन मी त्याच्याकडंच देत होतो, दुसरी खिडकी नव्हती. कुलूप बदललं होतं. रूममेटनं नवीन आकडे पाठ करून घेतले होते, लहान पोराकडून पाढे घ्यावेत तसे. तो माझ्याशी कामापुरतंच बोलायचा. माझं पॅनकार्ड आलं तेव्हा त्यानंच पोस्टमनकडून घेतलं आणि काही न बोलता माझ्या उशीवर ठेवलं. मी माफी मागितली. तो म्हणाला, "ठीक है." पण तो पहिल्यासारखा हसला नाही, आणि पुढं दोन महिन्यांनी खोली बदलून गेला. मामानं मला लुटलं तसं मी त्याचं काहीतरी घेतलं होतं, आणि ते परत द्यायची सोय नव्हती.

पाडव्याच्या दोन दिवस आधी वडिलांचा फोन आला. मागं मेंढरांचा आवाज, गाडीच्या इंजिनाचा आवाज.

"टेंपोवाला आलाय," ते ओरडून बोलत होते. "अर्धं भाडं आधी द्या म्हणतोय. तू धाडलंस का?"

"नाय, दादा."

"सांच्यापतूर येतेत का?"

"येत नायत. हायतच नाय."

"म्हंजी?"

खरं सांगायला एवढाच क्षण होता. पलीकडं आई कुणाला तरी म्हणत होती, पाणी भरून घ्या गं, निघायचंय. माझ्या खात्याच्या नोंदीत काय लिहिलं होतं ते मला पाठ झालं होतं. तेच मी बोललो.

"हरलो दादा. फोनवर पत्ते खेळलो, त्यात हरलो."

"किती?"

"समदे."

पलीकडं इंजिन बंद झालं. मला वाटलं, फोन ठेवला. मग वडील म्हणाले, "बरं. मग टेंपोवाल्याला जायला सांगतो. सकाळधरनं उभा हाय बिचारा." आणि फोन ठेवला.

ते चालत निघाले. तेरा दिवस लागले. मी सुट्टी काढून पैठणच्या अलीकडं त्यांना गाठलं तेव्हा वडिलांच्या दाढीवर धूळ बसून ती पांढरी झाली होती की खरंच पिकली होती हे कळत नव्हतं. गाभण मेंढ्यांतली एकही पोचली नव्हती. बागायतदारानं दुसरा कळप बसवून चार दिवस झाले होते. तो तरी किती थांबणार, त्यानं पाणी पाजू दिलं हेच खूप. उरलेली मेंढरं वडिलांनी रस्त्याच्या कडेलाच एका व्यापाऱ्याला दिली. त्यानं सांगितला तो भाव घेतला. वडील माझ्यावर एकदाही ओरडले नाहीत. मेंढरं गाडीत चढवताना मी हात लावायला गेलो, तेव्हा फक्त एवढं म्हणाले, "तू ऱ्हाऊ दे."

आता आई-वडील शहरातच आहेत. वडील एका बांधकामावर राखणीला असतात. मी त्याच कंपनीत आहे. नवी पोरं फोनवर खेळतात आणि मला विचारायला येतात, कारण मी फार जपून असतो असं कुणीतरी त्यांना सांगितलंय. मी सांगतो, खेळूच नका. ऐकायचंच नसेल तर पैसे खात्यात एक रात्रही ठेवू नका, आणि फोनचं कुलूप असं ठेवा जे तुमच्या गावात कुणालाच माहीत नाही. गावात का, असं अजून कुणी विचारलेलं नाही. सगळ्यांना भीती परक्यांचीच असते.

मामाची खोली मागच्या वर्षी बांधून झाली. एकच खोली, वर पत्रे, पण दार सागवानी. वास्तुशांतीला आई पहाटेपासून राबत होती. पुरण तिनं घातलं, दाराला तोरण तिनं बांधलं, आल्यागेल्याला "माझ्या भावाचं घर" असं सांगताना तिचा आवाज चढत होता. पंगत बसली. मामा वाढायला फिरत होता. माझ्या ताटाशी आला तेव्हा आई पलीकडून म्हणाली, "बघ. पोटाला चिमटा घेऊन कसं घर उभं केलं तुझ्या मामानं. आन तू? बापाची मेंढरं पत्त्यात घातलीस."

चार-दोन माणसांनी माझ्याकडं बघितलं. वडिलांनी मान खाली घातली. मी घास हातात धरून म्हणालो, "व्हय."

मामानं पोळ्यांची परात खाली टेकवली. मग माझ्या ताटात एक पोळी जास्तीची टाकली, वर तुपाची धार सोडली, आणि आईला म्हणाला, "असू दे गं अक्का. पोरगं हाय, चुकतं. म्या कवाच माफ केलंय त्याला."

आईचे डोळे भरून आले. तिनं पदर लावला आणि मला म्हणाली, "बघ, कसं मन हाय त्याचं."